पलितविचार : केस पांढरे होण्याच्या कारणमीमांसेचा इतिहास

१. विषयाचे स्वरूप

वयाबरोबर माणसाचे केस पांढरे होतात, ही घटना इतकी सार्वत्रिक आहे की, तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. घटनेला इतिहास नाही हे खरेच. परंतु ती का घडते ह्या प्रश्नाला माणसाने वेळोवेळी जी उत्तरे दिली त्यांना मोठा इतिहास आहे. ह्या उत्तरांवरूनच समाजाने पांढऱ्या केसांच्या माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे बहुतांशी ठरत आले.

नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांचा प्रदेश अशा अभ्यासास विशेष सोयीचा आहे. गोदावरी व मांजरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, बहमनी सुलतान व त्यांच्या राज्यातून निघालेल्या शाह्या, मोगल आणि शेवटी आसफजाही अशा सत्तांखाली राहिला. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, आणि गावोगावी दखनी उर्दू मराठीच्या शेजारी नांदत आली. ह्याच मुलखात संस्कृत वैद्यक आणि यूनानी वैद्यक ह्या दोन परंपराही कित्येक शतके शेजारी होत्या. केस पांढरे होण्याचे कारण मात्र ह्या दोन परंपरांनी परस्परांच्या अगदी उलट सांगितले. एकीने उष्णतेच्या आधिक्याला दोष दिला, दुसरीने उष्णतेच्या ऱ्हासाला. हा विरोध कसा उत्पन्न झाला, व्यवहारात तो कसा विरून गेला आणि आधुनिक शरीरशास्त्राच्या प्रकाशात त्यातील काय टिकते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शब्दांची साक्ष

पांढऱ्या केसाला संस्कृतात ‘पलित’ म्हणतात. हा शब्द फार जुना असून ऋग्वेदातही आढळतो. ग्रीक भाषेतील ‘पोलिओस’ हा त्याच अर्थाचा शब्द त्याचा सगोत्र आहे. म्हणजे आर्यभाषांच्या शाखा एकमेकींपासून दूर होण्यापूर्वीपासून ह्या अवस्थेला स्वतंत्र नाव होते. ‘पलित’ हा शब्द केवळ रंग सांगतो. कारण सांगत नाही.

मराठीची गोष्ट निराळी आहे. मराठी माणूस केस ‘पांढरे झाले’ असे म्हणतो, तसाच केस ‘पिकले’ असेही म्हणतो. ‘पिकणे’ हे क्रियापद संस्कृत ‘पक्व’ ह्या रूपापासून प्राकृत ‘पिक्क’ ह्या रूपाच्या द्वारे आले आहे. ‘पक्व’चे प्राकृतात ‘पिक्क’ आणि ‘पक्क’ असे दोन्ही प्रकार होतात, हे बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात नोंदविले आहे. हिंदी व उर्दू ह्या भाषांनी दुसरे रूप घेतले. तेथे ‘बाल पकना’ असा प्रयोग होतो. कन्नडात मात्र पिकलेपणासाठी ‘नरे’ आणि तेलुगूत पिकलेल्या केसांसाठी ‘नेरिसिन’ असे शब्द वापरतात. ह्या शब्दांचा फळ पिकण्याशी संबंध नाही. तेव्हा उदगीरच्या बाजारात एकाच वृद्धाच्या डोक्याकडे पाहून दोन शेजारी दोन निरनिराळ्या कल्पना उच्चारतात. एकाच्या शब्दात शिजण्याची व पक्व होण्याची क्रिया आहे, दुसऱ्याच्या शब्दात ती नाही.

‘केस पिकले’ हा केवळ कवीचा अलंकार नव्हे. त्याच्या मागे एक संपूर्ण वैद्यकीय उपपत्ती उभी आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. संस्कृत वैद्यक : उष्णतेची उपपत्ती

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांच्या प्रकरणात, पलिताची उत्पत्ती सांगितली आहे. क्रोध, शोक आणि श्रम ह्यांमुळे शरीरातील उष्णता वाढून मस्तकात जाते आणि ती व पित्त मिळून केसांना पक्व करतात, असा तिचा आशय आहे. येथे वापरलेला धातू ‘पच्’ हाच आहे. आपल्या ‘पिकणे’चे मूळ जो ‘पक्व’ शब्द, तोही ह्याच धातूचा. शास्त्राची उपपत्ती आणि लोकांची बोली ह्या दोहोंनी एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवले आहे, ते असे.

चरकसंहितेने हीच कल्पना अधिक विस्ताराने मांडली आहे. शरीरातील तेज वातादी दोषांसह केसांची भूमी पुरती जाळते तेव्हा टक्कल पडते. तीच भूमी थोडीशी भाजली गेली म्हणजे केस पांढरे किंवा पिंगट होतात. टक्कल आणि पलित हे एकाच क्रियेचे दोन अंश आहेत, असा हा विचार होय. चरकाने आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. पित्तप्रकृतीच्या माणसाला सुरकुत्या, पलित आणि टक्कल ही लवकर येतात, ही पहिली. मिठाचे अतिसेवन करणाऱ्यांचे केस अकाली पांढरे होतात, ही दुसरी. आणि तिच्या पुष्ट्यर्थ दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू व सौवीर येथील लोकांचा दाखला दिला आहे. ह्या दाखल्याची सत्यता आपण मान्य करो वा न करो, निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांची तुलना करून कारण शोधण्याची पद्धत मात्र लक्षात घेण्याजोगी आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हा विचार दोषांनुसार विभागला गेला. वाताने केस रुक्ष व फाटलेले, पित्ताने पिवळसर, कफाने जाड, स्निग्ध व शुभ्र होतात, आणि तिन्ही दोष एकत्र आले म्हणजे पलित असाध्य होते, असे तेथे सांगितले आहे. ह्या ग्रंथाचा मराठवाड्याशी निकटचा संबंध आहे. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्री ह्याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हा व्याकरणकार म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याचे घराणे वैद्यांचे होते. त्याचे वडील केशव ह्यांचा ‘सिद्धमंत्र’ हा वैद्यकग्रंथ असून बोपदेवाने त्यावर टीका केली आहे. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मराठी वाङ्मय आकार घेत असतानाच, पित्तोपपत्तीचे पठनपाठन ह्या प्रदेशात राजाश्रयाने चालू होते.

४. पलित : संकेत म्हणून

वैद्यांच्या दृष्टीने पलित हा विकार असला, तरी धर्मविचारात तो संकेत होता. मखादेव जातकात राजा आपल्या न्हाव्याला सांगून ठेवतो की, डोक्यात पहिला पांढरा केस दिसताच मला कळव. आणि तो दिसताच राज्य मुलाच्या हाती देऊन निघून जातो. कालिदासाच्या रघुवंशात दशरथाच्या कानाजवळचा पलित केस हाच रामाला राज्य देण्याची सूचना ठरतो. मनुस्मृतीने गृहस्थाला वानप्रस्थाची वेळ कळण्याच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यांत सुरकुत्या व पांढरे केस ह्यांचा समावेश आहे. त्याच मनुस्मृतीने केवळ डोके पांढरे झाल्याने कोणी वृद्ध म्हणवून घेण्यास पात्र होत नाही, असेही बजावले आहे. धम्मपदाचेही सांगणे असेच आहे.

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. ह्या कुळातील अमोघवर्ष पहिला ह्याने इ. स. ८१४ पासून सुमारे चौसष्ट वर्षे राज्य केले. ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ ह्या त्याच्या नावावर असलेल्या लहानशा ग्रंथाच्या अखेरीस, त्याने विवेकाने राज्यत्याग केल्याचा निर्देश आहे. म्हातारपणी सत्ता सोडावी हा आदर्श पुराणकथेपुरता नव्हता. लातूरचे नाव आपल्या बिरुदात मिरविणाऱ्या घराण्यातही तो गौरवाने नोंदविला गेला, हे येथे दिसते.

शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात वार्धक्याचे विस्तृत वर्णन आले आहे. तारुण्यातच पुढील जरा ओळखून जो सावध होतो तो ज्ञानी, असा तेथील अभिप्राय आहे. पुढे सतराव्या शतकात वामनपंडितांनी भर्तृहरीची शतके मराठीत आणली. नांदेडच्या शेष घराण्याशी त्यांचे नाव जोडले जाते. ह्या शतकांपैकी वैराग्यशतकात, शरीर जीर्ण झाले व डोके पांढरे झाले तरी तृष्णा तेवढी तरुणच राहते, असा प्रसिद्ध विचार आहे. जातकातील राजा पांढरा केस पाहून जागा होतो. भर्तृहरीचा माणूस तो पाहूनही जागा होत नाही. दोन्ही ठिकाणी पलित ही शिक्षा नसून सूचना आहे. वैद्यकातील क्रोध-शोक-श्रम ही कारणे आणि धर्मविचारातील ही सूचना ह्यांतील फरक महत्त्वाचा आहे. पहिल्यात पांढऱ्या केसाच्या माणसाने काहीतरी अतिरेक केला, असे गृहीत धरले जाते. दुसऱ्यात ते सर्वांच्या वाट्याला येणारे काळाचे चिन्ह आहे.

५. यूनानी वैद्यक : शीततेची उपपत्ती

ग्रीक परंपरेने ह्या प्रश्नाकडे उलट बाजूने पाहिले. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात केस पांढरे होण्याचे कारण उष्णतेची न्यूनता हे सांगितले. स्वाभाविक उष्णता कमी पडली की केसांना मिळणारा ओलावा नीट पचत नाही आणि नासतो, असा त्याचा तर्क होता. अकराव्या शतकात इब्न सीनाने आपल्या ‘कानून’ ह्या ग्रंथात पूर्वाचार्यांची मते एकत्र केली. ॲरिस्टॉटलच्या मते केस कफाचा रंग धारण करतो, तर गालेनच्या मते ही एक प्रकारची बुरशी होय. ओलसर कोपऱ्यात ठेवलेल्या भाकरीवर जशी पांढरी बुरशी चढते, तशी थंडावलेल्या डोक्यातील केसांवर चढते, असे हे चित्र आहे.

हे वैद्यक बहमनी काळापासून दख्खनमध्ये रुजले. अहमदनगर व नंतर विजापूर येथे राहिलेला इतिहासकार मुहम्मद कासिम फिरिश्ता ह्याने ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ हा वैद्यकावरील फारसी ग्रंथ लिहिला. त्यात त्याने भारतीय वैद्यकाची माहिती फारसी जाणणाऱ्या वाचकांसाठी संकलित केली. म्हणजे दोन परंपरांमधील देवघेव ग्रंथांच्या पातळीवरही झाली. इ. स. १७२४ मध्ये आसफजाही सत्ता स्थापन झाली. तिच्या अमलाखाली नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राहिला. हैदराबाद संस्थानात यूनानीला राजाश्रय होता, आणि चारमिनारजवळचे निजामिया यूनानी रुग्णालय त्याची साक्ष देते.

अशा प्रदेशात अकाली केस पांढरे झालेल्या माणसाला वैद्याने सांगावे, तुझ्या डोक्यात उष्णता चढली आहे. आणि हकिमाने सांगावे, तुझ्या डोक्यात बलगम साचला आहे. एकाच्या शास्त्राप्रमाणे थंड उपचार योग्य, दुसऱ्याच्या शास्त्राप्रमाणे उष्ण. दोन्ही उपपत्ती एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तरीही ह्या विरोधावरून वाद माजला नाही, ह्याचे कारण औषधांच्या यादीत सापडते.

६. उपपत्ती भिन्न, द्रव्ये समान

संस्कृत वैद्यकात केस काळे करण्यासाठी नीळ, माका, आवळा, हिरडा, बेहडा आणि लोहचूर्ण ही द्रव्ये पुनःपुन्हा येतात. यूनानी खिजाबात मेंदी, वस्मा, आवळा, हिरडा, मायफळ आणि लोखंड ही येतात. वस्मा म्हणजे निळीच्या जातीच्या झाडाच्या पानांची पूड होय. हिरडा, आवळा व मायफळ ह्यांतील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. जुन्या पोथ्या ज्या शाईने लिहिल्या जात, तिच्या एका प्रकाराची कृती हीच आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या गंधयुक्तीच्या प्रकरणात, डोके पांढरे असेल तर माळा, वस्त्रे व अलंकार शोभत नाहीत असे सांगून, लोखंडाच्या भांड्यात तयार करावयाच्या लेपाची कृती दिली आहे. नांदेड-लातूरच्या लगत असलेल्या कल्याणीच्या सोमेश्वर तिसरा ह्या चालुक्य राजाच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये अभ्यंग व स्नान ह्यांना स्वतंत्र स्थान आहे. रोगाचे कारण काय हा प्रश्न पंडितांचा होता. केस काळे कसे दिसतील हा प्रश्न सर्वांचा होता, आणि त्याचे उत्तर दोन्ही परंपरांना जवळजवळ एकच सापडले होते.

रंग लावावा की लावू नये, ह्याविषयी मात्र धर्माचारांत भेद राहिला. इस्लामी परंपरेत मेंदीचा रंग इष्ट मानला गेला, पण निखळ काळा रंग अनेक धर्मशास्त्र्यांनी वर्ज्य ठरविला. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली संमत केलेल्या शीख रहतमर्यादेत दाढी रंगविणे हा दोष गणला आहे. नांदेडसारख्या शहरात, जेथे गुरू गोविंदसिंह ह्यांचे १७०८ मध्ये देहावसान झाले आणि जेथे सचखंड हजूर साहिब हे तख्त आहे, तेथे मेंदीने तांबूस झालेली दाढी व न रंगविलेली शुभ्र दाढी एकाच रस्त्यावर दिसतात. प्रत्येकीमागे वार्धक्याविषयीची एक भूमिका आहे.

लोकांच्या बोलीत आणखी एक मत टिकून आहे, आणि ते वैद्य व हकीम ह्या दोघांहून वेगळे आहे. ‘माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत,’ असे वडीलधारी माणसे म्हणतात. उर्दूतही हीच म्हण ‘धूप में बाल सफ़ेद नहीं किए’ अशा रूपाने आढळते. येथे उष्णतेचे कारण स्पष्टपणे नाकारले आहे आणि त्याच्या जागी अनुभव आणला आहे. मराठी भाषा ‘पिकले’ म्हणून पित्तोपपत्ती जपते आणि ह्या म्हणीने तिला उत्तरही देते.

७. आधुनिक शरीरशास्त्राचा निर्णय

आज ह्या प्रश्नाचे जे उत्तर आहे ते उष्णतेचेही नाही आणि शीततेचेही नाही. त्वचेच्या वर दिसणारा केस हा निर्जीव असतो. त्याचा रंग त्वचेखालील मुळाशी ठरतो. तेथील रंगपेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून वाढत्या केसाच्या पेशींना पुरवितात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. दर नव्या फेरीला नव्या रंगपेशी लागतात, आणि त्या केसाच्या मुळाजवळ राखून ठेवलेल्या मूलपेशींच्या साठ्यातून येतात. वयाबरोबर हा साठा संपत जातो, असे २००५ साली निशिमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. २०२३ साली न्यूयॉर्क येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखविली : ह्या मूलपेशींना आपल्या दोन स्थानांमध्ये येजा करावी लागते आणि वयाबरोबर त्या एका जागी अडकून पडतात. जुन्या केसांच्या मुळांत हायड्रोजन पेरॉक्साइड साचून रंगनिर्मिती बिघडते, असे २००९ सालच्या एका अभ्यासात आढळले. रंगद्रव्याविना आलेला केस पांढरा दिसतो. काळ्या व पांढऱ्या केसांच्या मिश्रणाला आपण करडे डोके म्हणतो.

केस केव्हा पांढरे होणार हे पुष्कळ अंशी आनुवंशिकतेवर अवलंबून असते. २०१६ साली लॅटिन अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात पलिताशी संबंधित पहिला जनुक निश्चित झाला. पन्नासाव्या वर्षी निम्म्या लोकांचे निम्मे केस पांढरे असतात, अशी एक समजूत प्रचलित होती; २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत हे प्रमाण केवळ ६ ते २३ टक्के आढळले. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइड ग्रंथीचे विकार ह्यांचा अकाली पलिताशी संबंध असतो, हेही सिद्ध आहे. उन्हाने बाहेरचा केस भुरकट होतो. पण मुळातून येणारा नवा केस त्यामुळे पांढरा होत नाही. म्हणीतील म्हणणे ह्या बाबतीत खरे ठरले.

मानसिक ताणाविषयीचा निर्णय विशेष उद्बोधक आहे. २०२० साली हार्वर्ड येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले की, तीव्र ताणाच्या वेळी मज्जातंतूंतून बाहेर पडणाऱ्या नॉरॲड्रिनॅलिन द्रव्यामुळे रंगपेशींच्या मूलपेशी एकदम खर्ची पडतात. २०२१ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांना माणसांतही ताण व पलित ह्यांचा संबंध आढळला. ताण ओसरल्यावर काही केसांना पूर्ववत रंग आल्याचेही त्यांनी नोंदविले. परंतु एका रात्रीत डोके पांढरे होण्याच्या कथांना ह्यात आधार नाही, कारण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर एवढाच वाढतो आणि उगवून आलेला भाग आपला रंग टाकीत नाही.

८. उपसंहार

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहणे अवश्य आहे. सुश्रुताने शोक व क्रोध ह्यांचा उल्लेख केला आणि प्रयोगशाळेनेही ताणाचा संबंध दाखविला. एवढ्यावरून आधुनिक शोध आपल्या पूर्वजांना अवगत होता, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह टाळला पाहिजे. पूर्वजांचे निरीक्षण अनेक ठिकाणी अचूक होते. दुःखी माणसाचे केस लवकर पांढरे होतात, काही प्रकृतींना ते लवकर येते, आहाराशी त्याचा संबंध असावा, हे त्यांनी पाहिले. मात्र त्या निरीक्षणाला जोडलेली यंत्रणा, म्हणजे डोक्यात चढणारी आणि केस शिजविणारी उष्णता, खरी नव्हती. त्याच वेळी यूनानी आचार्यांनी तीच घटना पाहून नेमकी उलट यंत्रणा कल्पिली होती. निरीक्षण एक आणि उपपत्ती दोन, ही स्थितीच सांगते की निरीक्षणाच्या अचूकपणावरून उपपत्तीची सत्यता ठरत नाही. निरीक्षणाचे श्रेय पूर्वजांना निःसंशय द्यावे. यंत्रणेचे श्रेय देऊन त्यांचा खरा पराक्रम झाकू नये.

ह्या विवेकाला व्यावहारिक महत्त्वही आहे. अकाली केस पांढरे झालेल्या तरुण-तरुणीला आजही फार विचार करतो, फार चिडतो, डोक्यात उष्णता आहे, अशी बोलणी ऐकावी लागतात. लग्नाच्या बोलण्यांत तो दोष धरला जातो. पित्तोपपत्तीतील दोषारोप तिच्या यंत्रणेपेक्षा अधिक दीर्घायुषी ठरला आहे. त्याचा परिणाम असा की, ज्याला रक्ततपासणीची गरज आहे तो तेल बदलतो, आणि ज्याला केवळ वडिलांकडून हा वारसा आला आहे तो स्वतःच्या स्वभावाला बोल लावतो. बाजारातील बहुतेक काळ्या रंगांत असणारे पॅराफेनिलीनडायअमाइन हे द्रव्य काहींच्या त्वचेला तीव्र अपाय करते. तेव्हा लाजेपोटी केलेला उपाय मूळ गोष्टीहून अधिक त्रासदायक होण्याचाही संभव असतो.

पलिताच्या दोन प्राचीन अर्थांपैकी वैद्यांचा अर्थ शास्त्राने मागे टाकला आहे. धर्मविचाराचा अर्थ शास्त्राच्या कक्षेत येत नाही, म्हणून तो बाधितही होत नाही. मूलपेशींचा साठा हळूहळू संपत जाणे हे काळाचेच चिन्ह आहे. त्यात कोणाचा अपराध नाही. मखादेवाच्या न्हाव्याने दाखविलेला केस आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा रंगहीन केस ह्यांचे सांगणे निदान ह्या एका बाबतीत सारखेच आहे.